अजून एक फेरी

पेट्रोल भरून झालं, टायरमधली हवा पाहून झाली, तरी दीर मोबाइलवरच्या वाऱ्याच्या नकाशातून मान वर काढेना. गाडी ती चालवत होती. टपावर दोन फळ्या, दोन डोलकाठ्या आणि तिने स्वतः शिवलेली शिडं करकचून बांधलेली होती. शिडं शिवणं हा तिचा धंदाच.

विंडसर्फिंगचा नाद लागलेल्यांचं घर कधी धड चालत नाही. फळीवर उभं राहायचं, शीड हातात धरायचं आणि वारा नेईल तिकडे सुटायचं. इथला वारा पडला की पुढच्या किनाऱ्यावर. तिचा नवरा आणि हा त्याचा धाकटा भाऊ दरवर्षी महिनाभर असे भटकायचे. गेल्या वर्षी धाकटा एकटाच परतला. थोरल्याची फळी सापडली. शीड आणि माणूस नाही.

“मी गाडीत झोपलो होतो,” असं धाकट्याने सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं. तिला पटलं नाही. वारा सुटलेला असताना हा माणूस झोपेल? तापाने फणफणलेला असतानाही तो पाण्यात उतरलेला तिने पाहिला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं. नवऱ्याचं नेमकं काय झालं, एवढंच तिला कळायला हवं होतं. म्हणून यंदा “मी येते सोबत” म्हणाली, आणि त्याला नाही म्हणता आलं नाही.

पाच दिवसांत चार किनारे झाले. प्रत्येक ठिकाणी वारा झकास. आणि प्रत्येक ठिकाणी तासाभरात हा घाईघाईने बाहेर यायचा, शीड गुंडाळायचा, म्हणायचा, “पुढे जाऊ.” भरल्या ताटावरून असं कोण उठतं? खाई त्याला खवखवे, ती मनात म्हणायची आणि गाडी सुरू करायची.

पाचवा किनारा मात्र ओसाडच होता. कपडे बदलायच्या लाकडी खोल्यांना कुलपं, वाळूवर कुजलेल्या शेवाळाचा वास, आणि कुठलंसं सुटलेलं दार वाऱ्याने एकसारखं आपटत होतं. दुपारचे तीन वाजले होते, तरी उजेड संध्याकाळसारखा मळकट. दीर पाण्यात गेला. ती दुर्बीण घेऊन बसली.

त्याचं निळं शीड दूर गेलं, वळलं. आणि त्याच्या मागे आणखी एक शीड वळलं.

तिने दुर्बीण पुसली. शीड पांढरं होतं, खालच्या कोपऱ्यात पिवळं ठिगळ. ते ठिगळ तिच्या हातचं होतं. गेल्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी तिने ते घाईत लावलं होतं. पण तिची नजर खिळली ती दुसऱ्याच गोष्टीवर. वारा डावीकडून येत होता आणि ते शीड डावीकडेच फुगलं होतं. इतकी वर्षं शिडं शिवली, वाऱ्याच्या तोंडावर पोट काढणारं शीड तिने कधी पाहिलं नव्हतं.

दीर धडपडत बाहेर आला. ओठ पांढरेफटक. “निघूया, वहिनी.”

“वारा तर आत्ता भरात आलाय.”

“पडेल.”

“भाऊजी, तुमच्या मागे कोण होतं?”

दोरी सोडणारे त्याचे हात थांबले.

“तुम्हालाही दिसलं...” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, मलाच दिसतं. पहिल्या दिवशी पार लांब होतं. काल... काल त्याच्या फळीखालचं पाणी ऐकू आलं.”

“तुम्ही झोपला नव्हतात.”

“नाही.” आता त्याला थांबवत नव्हतं. “दादाची काठी मोडली. फळीवर बसून त्याने हात हलवले. मी पाहिलं, वहिनी. पण तसा वारा अख्ख्या वर्षात मिळाला नव्हता. म्हटलं, बसलाय ना फळीवर, कुठे जातोय... अजून एक फेरी मारतो, मग जातो. फेरी मारून आलो तर नुसती फळी.”

तिला रडू आलं नाही. राग आला, इतका की कानशिलं तापली. एका फेरीसाठी. जन्मभर ज्याने याला पाठीशी घातलं, त्याच्यासाठी याला एक फेरी सोडवली नाही.

तिने समोर पाहिलं. पांढरं शीड पाण्यावर आडवं झालं होतं. शेजारी कुणीतरी बसलेलं होतं आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होतं. मदतीसाठी सगळे करतात ती खूण.

“जा,” ती म्हणाली.

“वहिनी...”

“तेव्हा गेला नाहीत. आता जा.”

त्याने वाद घातला नाही. गेला. निळं शीड सरळ तिकडे निघालं, जवळ पोहोचलं आणि तेही आडवं झालं. मग दोन माणसं हात हलवताना दिसू लागली.

बचाव पथकाचा नंबर तिने पहिल्याच दिवशी फोनमध्ये घालून ठेवला होता. फोन हातात होता. करते, ती स्वतःशी म्हणाली. त्यालाही थोडं कळू दे. मग करते. ती बसून राहिली, आणि खोटं कशाला, तिला बरं वाटलं. दहा मिनिटांनी दुर्बिणीत नुसतं पाणी दिसलं. तेव्हा कुठे तिने नंबर लावला.

पथकाची नाव आली, अंधार पडेपर्यंत फिरली. एकच फळी मिळाली. पथकाचा प्रमुख, पिकल्या मिशांचा शांत माणूस, वही घेऊन तिच्यासमोर बसला.

“ते दिसेनासे झाले आणि मी लगेच फोन केला,” तिने सांगितलं.

त्याने लिहिलं नाही.

“ताई, तुमच्या आधी एक फोन आला होता. दहा मिनिटं आधी. पुरुषाचा आवाज, मागे लाटा. कुठला किनारा, ते मात्र सांगेना. दोघं पाण्यात आहोत म्हणाला, आणि...” त्याने वही मिटली. “माझी बायको किनाऱ्यावर बसून बघतेय, ती कळवेल, म्हणाला.”