दुसऱ्या फेरीचं पेट्रोल

रोज सकाळी पहिलं विमान बाहेर निघायच्या आधी काका टाकीच्या बुडाचा नळ सोडत, काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढत आणि बरणी उजेडात धरत. लहान खासगी विमानांचं हे पेट्रोल फिकट निळं असतं. टाकीच्या तळाशी पाणी साचलं असेल, तर ते बरणीत निळ्याखाली वेगळं, बिनरंगी दिसतं. इंजिनात पाणी गेलं की विमान हवेतच खोकायला लागतं, आणि वर रस्त्याकडेला थांबायची सोय देवानं ठेवलेली नाही. म्हणून काका त्या बरणीपुढे देवापुढे उभं राहावं तसे उभे राहत.

त्या छोट्या विमानतळावरचा इंधनाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. त्यांच्याहून वयानं मोठे वैमानिकसुद्धा त्यांना काकाच म्हणत. तळ्याकाठी धावपट्टी, तिच्या टोकाला जाळीच्या कुंपणात टाकी, शेजारी पत्र्याची शेड. शेडच्या कोपऱ्यात एक ड्रम, आणि त्यावर खडूनं लिहिलेलं, ‘दुसरी फेरी’. अक्षर त्यांच्या मुलाचं.

मुलगा वैमानिक होता. तळ्यापलीकडच्या वस्तीला सामान पोचवायचा. त्या दिवशी यंत्रांचे जड भाग न्यायचे होते, म्हणून विमानात पेट्रोल कमी भरून वजन सांभाळलं, आणि परतल्यावर वेळ जाऊ नये म्हणून दुसऱ्या फेरीचं पेट्रोल काकांनी ड्रममध्ये काढून ठेवलं.

“बाबा, आलो की लगेच भरा हं. जेवायला घरी नाही पोचलो तर आई दोघांनाही दारात उभं करील,” एवढं बोलून तो गेला.

आकाश लख्ख होतं. पलीकडे तो पोचलाच नाही. तळं ढवळून झालं, डोंगर पालथे घालून झाले; विमानाचा एक पत्राही हाती लागला नाही.

राहिला तो ड्रम. एकदा बाहेर काढलेलं पेट्रोल टाकीत परत ओतायचं नाही, हा या कामातला कडक नियम. दुसऱ्या कुणाच्या विमानात ते घालायला काकांचा हात धजावेना. त्यांनी झाकणाला सील लावलं आणि ड्रम होता तिथंच राहू दिला.

पुढे एकदा शेड झाडताना त्यांनी ड्रम सरकवला, तर तो हलका लागला. सील शाबूत होतं. ते तोडून आत काठी सोडली, तर पातळी बरीच उतरलेली. गळती असेल म्हणून खाली भुसा पसरला. भुशाला डागही पडला नाही. नवं सील, नवं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. तरी पेट्रोल कमी होतच राहिलं. ‘सील न तोडता पिणारा चोर असेल तर त्याला दंडवतच घालायला हवा,’ असं म्हणून काका स्वतःशीच हसले. पण ते हसू काही टिकलं नाही.

मग ते रोज मोजायला लागले. धुकं असलं, आभाळ भरलेलं असलं, की पातळी तसूभर हलत नसे. उघडीप पडली की उतरे. तळ्यावरून समोरचा वारा सुटला की जास्त उतरे.

ज्याचा जन्म इंधनात गेला त्याला याचा अर्थ कुणी फोड करून सांगायला नको. वाऱ्याला डोकं लावून उडताना विमान जास्त पितं. काकांनी काठी पुसून पुन्हा एकदा आत सोडून बघितली.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत तिचे.

“म्हणजे तो अजून वरच आहे,” ती म्हणाली.

“अगं, असं कुठं असतं का?”

“मग पेट्रोल कोण पितं? तुम्ही?” मुलाच्या सदऱ्याची घडी तिनं पुन्हा मोडली, पुन्हा घातली. “संपू देऊ नका. एवढं माझं ऐका.”

तपासणीसाठी टाकीतून काढलेलं पेट्रोल एरवी फेकूनच द्यायचं. काका ते आता मऊ चामड्यातून गाळून, पुन्हा पुन्हा उजेडात धरून, ड्रममध्ये ओतू लागले. टँकर रिकामा झाल्यावर पाइपात उरलेलंही ते सोडीनात. टँकरवाला सदा गुणगुणणारा गडी. एकदा त्यानं विचारलंच, “काका, गाळून गाळून अत्तर करताय की काय?”

“अत्तरच समज.”

“मग माझ्या लग्नात शिंपडायला ठेवा थोडं.”

“आधी तुला कुणी मुलगी तर देऊ दे, मग बघू!”

तो खदखदून हसला. मग त्याची नजर खडूच्या अक्षरांवर गेली. गुणगुणणं बंद करून, मान खाली घालून तो निघून गेला.

असे ऋतू गेले. मुलाची आई दुपारचा डबा घेऊन शेडवर येऊ लागली. येता-जाता वर बघायची. एकदा खूप वारं होतं, तेव्हा तिनं सहज ड्रमला कान लावला आणि तशीच राहिली. काकांनीही लावला. आत, फार दूरवर, तंबोऱ्याची एकच तार कुणी छेडत राहावी तसा अखंड सूर चालू होता.

“इंजिन छान चाललंय,” काका पुटपुटले.

“इंजिनाचं नाही हो. तो दमलाय.”

“कशावरून?”

“आई आहे मी त्याची.” तिनं कान काढला नाही. “भरू नका आता.”

“वेडी आहेस का? संपलं तर पडेल तो!”

“नाहीतर उतरेल. आपण भरतोय म्हणून तो उडतोय. लहानपणी तरी पानात वाढलेलं कधी टाकलं त्यानं? पोट भरलं असलं तरी, आईनं वाढलंय म्हणून खात बसायचा.” तिचे डोळे वाहत होते, आवाज मात्र स्थिर होता. “वाढायचं आपणच थांबवायला हवं.”

दुसऱ्या दिवशी बरणीतलं पेट्रोल काकांनी गाळलं, ड्रमपाशी नेलं आणि झाकणावर हात ठेवून उभे राहिले. मग ते बाहेर जाऊन वाळूत ओतून आले.

पातळी उतरत गेली.

एका निरभ्र दुपारी, ती डबा घेऊन आलेली असताना, काठी कोरडी वर आली. काकांनी कान लावला. सूर होता. मग अडखळला. मग नव्हता.

दोघं बाहेर धावली. आकाश रिकामं. तळ्यावर साधा तरंग नाही. काठावरचे बगळेसुद्धा उडाले नाहीत. अंधार पडेपर्यंत दोघं तिथंच उभी होती, आणि एकमेकांकडे बघायचं मात्र टाळत होती.

सकाळी बारीक पाऊस लागला होता. ती छत्री घेऊन त्यांच्याबरोबरच आली.

विमानं उभी करायचं अंगण भिजून काळं झालं होतं. फक्त मुलाचं विमान उभं राहायचं तेवढी जागा पांढरी, कोरडी होती. दोन रुंद पंख. मधे अंग. मागे शेपटी.

पाऊस पडतच होता. ती जागा भिजत नव्हती.

काका कडेलाच थबकले. तिनं छत्री मिटली आणि ती सरळ त्या पंखाखाली गेली. काकांच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं; तिच्या केसांवर थेंब पडत नव्हता.

नुकतंच बंद केलेलं इंजिन निवताना करतं तशी बारीक टिकटिक समोरून येत होती. समोर काहीच नव्हतं.

काकांनी हाक मारायला तोंड उघडलं.

तिनं ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हातानं ती हवेतच, खांद्याच्या उंचीवर, काचेवरची वाफ पुसावी तसं काहीतरी पुसत होती. पुसून ती आत डोकावली.

“हळू,” ती म्हणाली. “झोपलाय.”