ज्याचा गोटा त्याले

सुशीलनं टूथब्रशची दांडी सुरीनं कापली, तेव्हा मिनलला हसू आवरेना.

"दांडीनं काय दात घासतेत का?" तो अगदी गंभीरपणे म्हणाला आणि बोटाएवढा उरलेला ब्रश बॅगेच्या कप्प्यात सारला.

अमरावती रोडवरच्या वाडीतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात पलंगभर सामान पसरलं होतं. सुशील एकेक वस्तू उचलायचा, हातावर तोलायचा आणि बहुतेक वेळा परत कपाटात ठेवायचा. पॉवरबँक बाद. दुसरं ताट बाद, एकातच जेवू. चहाची पातेली हवी, पण तिचं झाकण कशाला? स्वयंपाकघराच्या चौकटीला वजनकाटा टांगला होता, खालच्या आकड्याला पोतं अडकवलं की सुई खाली सरकते तसला. तो ज्या ट्रान्सपोर्टमध्ये हिशेब बघायचा तिथल्या गोडाऊनमधून मागून आणला होता. एका रात्रीच्या मुक्कामासाठी एवढा आटापिटा म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं शेजारच्या शोभाताई म्हणाल्यासुद्धा.

पण ही नुसती हौस नव्हती हो. मागच्या हिवाळ्यात सुशीलच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. जड उचलायचं नाही, वाकायचं तर मुळीच नाही, पुन्हा गादी सरकली तर डावा पाय जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. दर रविवारी डोंगर धुंडाळणारा माणूस वर्षभर पंख्याकडे बघत पडून राहिला. आता कुठं तो चालू लागला होता आणि त्याला एकच हवं होतं, एक रात्र उघड्यावर, आपल्या तंबूत. बॅग डॉक्टरांनी सांगितलेल्या वजनात बसली तर जाऊ, असं ठरलं. मिनल हो म्हणाली खरी, पण तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

बॅग आकड्याला लावली. सुई पाच किलोवर केलेल्या खुणेच्या जरा खालीच गेली. सुशीलचा चेहरा एवढासा झाला आणि तो आंघोळीला निघून गेला.

मिनलनं बॅग चाचपली. तळाशी एक लहानशी पण चांगली वजनदार पिशवी हाताला लागली. तंबूच्या दोऱ्या जमिनीत रोवायच्या लोखंडी खुंट्या. आपल्या माहेरी तर पावलापावलावर दगड पडलेत, दोऱ्या बांधायला खुंट्या कशाला हव्यात? तिनं ती पिशवी काढून तांदळाच्या डब्यात लपवली. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ना, ते पुष्कळदा असं गुपचूप आणि मायेपोटीच होतं.

"पाहिलं?" आंघोळ करून आलेला सुशील सुईकडे बघून ओरडला. "मंघा काटाच अडला असन. दांडी कापली न, म्हणून बसलं!"

मिनलनं तांदळाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. त्याला इतकं खूश पाहून तिला वर्ष झालं होतं.

मिनलचं माहेर रामटेकच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमधलं लहानसं गाव. आई नव्हती, वडील रुपराव एकटेच राहायचे. त्यांनी जावयाला वांग्याची भाजी, भाकरी बांधून दिली आणि शेतामागच्या बोडीवर तंबू टाकायला सांगितलं. बोडी म्हणजे पावसाचं पाणी अडवलेलं तळं. तिकडं वाघ-बिबट्या येत नाही, मोबाइलला रेंज असते, घर हाकेच्या अंतरावर नसलं तरी पायी जाण्याएवढं जवळ.

वाटेत, बोडीच्या जरा अलीकडे, जुन्या मोहाच्या झाडाखाली दगडांचा ढीग होता. मिनलनं चालता चालता नाल्याच्या कडेची एक पांढरी गारगोटी उचलली आणि ढिगावर फेकली. खट्कन आवाज झाला.

"हे काय वं?"

"गोटेबुवा. इथून जाताना एक गोटा टाकायचा असते."

"काहून?"

"आता काहून म्हणजे... टाकतेत सारे. मी तं लहान असतानापासून टाकते. बाकी पोरं काळे टाकत, मी पांढराच धुंडायची. ते पाहा, किती आहेत माह्ये." ढिगात इथंतिथं पांढरे ठिपके चमकत होते. तिला त्यांचा उगाच अभिमान वाटला.

"मले तं डॉक्टरनं वाकू नोको म्हणलं," सुशील हसला. "गोटेबुवा माफ करन मले."

बोडीवर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. खुंट्या काढून ठेवल्याचं मिनलनं तिथं कबूल केलं. सुशील क्षणभर चिडला, मग त्यालाही हसू आलं. "बरं झालं. आता गोटे पाहतो." वाकायचं नाही, मी आल्यावर आणते, असं बजावून ती काटक्या वेचायला बांधाच्या पलीकडे गेली. परत आली तर तंबू टणटणीत उभा होता. प्रत्येक दोरीला दगड बांधला होता आणि दोऱ्यांच्या कडेनं आणखी दगड रचून ठेवले होते.

तिच्या हातातल्या काटक्या खाली पडल्या. "अजी, तुम्ही वाकले?"

"नाही ना! तुह्यी शपथ." सुशील अगदी शहाण्या मुलासारखा म्हणाला. "जमिनीवरचे उचललेच नाही. तिथं मोहाखाली ढीग होता न, कमरेएवढा. उभ्या उभ्या एकेक घेतला, बांधला तो गुडघ्यावर बसून. वाकाचं कामच नाही पडलं."

तंबूच्या दाराशी, दोरीच्या गाठीत, एक पांढरी गारगोटी आवळलेली होती.

देवाधर्माच्या गोष्टींना मिनल एरवी फारशी भीत नसे. पण ती गारगोटी सोडवायला तिचा हात पुढं होईना. अंधारही असा झपकन आला की जणू कोणी बोडीवर घोंगडं टाकलं. तिनं वडिलांना फोन लावला. सुशीलनं ढिगातले दगड उचलल्याचं सांगितलं. पलीकडं दाराची कडी काढल्याचा आवाज आला.

"बाबा?"

"तो देव नाही होय, पोरी..." आवाज अगदी दबका होता. "माणूस होय. कुठला तरी फिरस्ता. चोर समजून गावानं त्याले त्या मोहाखाली घेरला. माह्या बापानं पयला गोटा मारला. मी लहान होतो... मीही मारला. मंग समजलं, चोर दुसराच होता. त्याचा जीव जाता जाईना. तोंड फुटलं होतं, तरी बोलत होता, ज्याचा गोटा त्याले वापस देईन म्हणे. म्हणून त्याले तथंच दाबला. तो उठू नोये म्हणून येणारा-जाणारा एक टाकते..."

"मले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? ...निघा तुम्ही. तसेच निघा, काही उचलू नोका. मी येऊन राहिलो."

फोन ठेवला आणि आवाज आला. बांधाच्या खालून. दगडावर दगड घासल्याचा, मग थोडं थांबून पुन्हा घासल्याचा. कोणीतरी अंधारात बसून दगड निवडत होतं. तांदूळ निवडताना बाया खडे बाजूला करतात, तसं सावकाश, एकेक. वाऱ्यावर ओल्या मातीचा वास आला आणि त्यात मिसळलेला दुसरा, लोखंडासारखा, रक्ताचा.

दाराची दोरी सैल पडली. गाठ तशीच होती, पण आतली गारगोटी नव्हती.

"कोन आहे रे तिकडं?" सुशील टॉर्च घेऊन ओरडला.

पहिली गारगोटी मिनलच्या नडगीवर बसली. हाड वाजलेलं तिनं ऐकलं. ती खाली कोसळली तोच दुसरी आली, कोपरावर. तिसरी जबड्यावर. तोंडात काहीतरी खडखडलं. तिला वाटलं खडा आहे, पण तो दात होता. सुशील तिच्या आणि अंधाराच्या मधे हात पसरून उभा राहिला. टॉर्चच्या उजेडात त्याला स्वच्छ दिसलं, की पांढरा दगड त्याच्या छातीकडे आला, छातीपाशी वळला आणि त्याला वळसा घालून मिनलच्या खांद्यात घुसला. त्याला एकही लागला नाही. त्यानं कधी टाकलाच नव्हता ना!

"अजी..." ती रक्त थुंकत कण्हली. "ढीग... त्यात माह्ये किती..."

एक तिच्या कानामागं बसला आणि तिची मान लुळी पडली. सुशील मग वाकला. वर्षभरात पहिल्यांदा, कमरेतून, पूर्ण वाकला. तो तिच्यावर पालथा पडला, हात, पाय, डोकं सगळं झाकून. त्याबरोबर मारा थांबला. शेवटची गारगोटी त्याच्या पाठीवर आपटलीच नाही. ती अलगद शेजारी येऊन पडली, आणि मग कितीतरी वेळ अगदी कानाजवळ कोणीतरी घरघरत श्वास घेत उभं होतं. फुटक्या तोंडानं घ्यावा तसा.

"उठ, मिनल... मले सोडू नोको. अंगाले चिकटून राहा."

त्यानं तिला उचललं. पाच किलोची बॅग न झेपणाऱ्या त्या माणसानं आपली बायको छातीशी कवटाळली आणि तो चालू लागला. बांध उतरताना त्याच्या कमरेत काहीतरी ओली फांदी मोडल्यासारखं मोडलं. तो किंचाळला, पण थांबला नाही, डावा पाय ओढत ओढत निघाला. मोहापाशी मिनल शुद्धीवर आली आणि तिनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. टॉर्चचा उजेड हेलकावत होता. ढिगाच्या मधोमध एक माणूस निजावा एवढी लांबट खाच होती, आणि ती रिकामी होती.

रुपराव त्यांना घ्यायला निघाले होते, पण अंगणाच्या फाटकापर्यंतच पोचले होते. हातातला कंदील अजून जळत होता. डोकं राहिलं नव्हतं, म्हणजे डोकं म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. छाती बसली होती, बोटं ठेचली होती आणि सगळं अंगण काळ्या दगडांनी भरलं होतं. जन्मभर त्या वाटेनं शेतावर जाणाऱ्या माणसाचे ते दगड होते. त्यांतला एक लहानसा, पोराच्या मुठीत मावेल एवढा, त्यांच्या कपाळात रुतला होता. मिनलचं तोंड फुटलेलं, तिला नीट रडताही येईना. तिनं नुसतं 'बाबा, बाबा' असं काहीतरी केलं.

लुटारूंची टोळी असेल, असं गावानं ठरवलं. गाव दुसरं काय ठरवणार?

मिनलचा जबडा तारेनं बांधला. सुशीलचा डावा पाय गेला तो गेलाच. दोघं वाडीला परतले तेव्हा तो कुबडीवर होता. गाववाल्यांनी बोडीवरचं सामान पोचवलं, त्यात ती बॅगही होती. सुशीलनं ती रिकामी केली, झटकली आणि काय मनात आलं कोण जाणे, चौकटीवरच्या त्या काट्याला अडकवून टाकली. सुई थोडीशी हलून वरच राहिली. बॅग आता कुठं न्यायची नव्हती.

रात्री तो मिनलच्या अंगावर हात टाकून झोपायचा. नोकरी सुटली. भाजी आणायलासुद्धा तो तिला सोडून जाईना. शोभाताई चेष्टा करायच्या, नवीन लग्न झाल्यासारखे चिकटून राहता म्हणून. मिनल हसायची. तारेमुळे तिला तेवढंच जमायचं.

परवा सकाळी चहा ठेवायला मिनल स्वयंपाकघरात गेली, तेव्हा सुई जराशी खाली होती. बॅगेत एक पांढरी गारगोटी होती, मातीनं ओली. सुशीलनं ती खिडकीतून अमरावती रोडवर भिरकावली. काल सकाळी बॅगेत तीच होती, आणि तिच्यासोबत आणखी. नाल्याच्या पाण्यानं गुळगुळीत झालेल्या, निवडून घेतलेल्या. त्यातली एक मिनलनं ओळखली. तिच्यावर तांबूस रेघ होती. ही किती सुंदर आहे म्हणून लहानपणी तिनं ती दिवसभर मुठीत जपली होती आणि संध्याकाळी बाबांच्या सांगण्यावरून फेकली होती.

आज सुई खुणेच्या खाली गेली. सुशीलनं कुबडीवर रेलून बॅग बाहेरून चाचपली.

"मारून नाही राहिला तो," तो हळूच म्हणाला. "जमवून राहिला. सारे एकदाच..." त्यानं तिचा हात धरला. "मिनल, आठवून सांग. किती टाकले होते तू?"

मिनल आठवू लागली. प्रत्येक उन्हाळ्याची सुट्टी, प्रत्येक दिवाळी, शेतावर जाताना एक, येताना एक. बाबांच्या खांद्यावर बसून फेकलेले, मैत्रिणींशी पैज लावून फेकलेले.

"अजी," ती तारेतून म्हणाली, "मी मोजले नाहीत."

भर दुपारची वेळ होती, खाली ट्रकचे हॉर्न वाजत होते. बॅगेत काहीतरी खट्कन पडलं आणि सुई आणखी थोडी खाली सरकली.