अपोंडीची ओळ

किसुमू शहराच्या बागेत, सरोवराच्या अगदी काठाला, झवादी नावाच्या तरुण शिल्पकार मुलीने एक भलीथोरली पाण्याने भरलेली तांब्याची परात मांडली आणि देखरेखीला ओगोलाला ठेवलं. बोटींच्या इंजिनांत उभी हयात गेलेला माणूस. परातीसमोर एक कर्णा होता. त्यात बोललं की परातीखालचं यंत्र थरथरे आणि पाण्यावर नक्षी उठे, ज्याच्या त्याच्या आवाजाची वेगळी. पोरं शिव्या देऊन बघत. शिवीची नक्षीही सुरेखच उठे.

ओगोलाची बायको अपोंडी फाटकाशी तळलेले मासे विकायची. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की तेलकट हात कमरेच्या कापडाला पुसत यायची आणि कर्ण्यात गाण्याची एक ओळ म्हणायची. लग्नाआधी ती धक्क्यावरून हीच ओळ म्हणे आणि बोटीवरून ओगोला पुढची.

"म्हणा की आता, अकेयोचे बाबा! का घसा गंजला?"

"लोक बघतायत," म्हणून तो पाना शोधायला लागे.

तिच्या ओळीने पाण्यावर सात पाकळ्या फुटत. सातवी अर्धवट; समोरच्या पडलेल्या दातातून तिथे वारा निसटे.

मार्चमध्ये ती तापाने गेली. चार दिवसांत.

महिन्याभराने, टळटळीत दुपारी, कर्ण्यापाशी कुणी नसताना पाण्यावर सात पाकळ्या उमटल्या. सातवी अर्धवट. ओगोलाने वायर काढून टाकली. दुसऱ्या दुपारी पुन्हा त्याच. मग त्याने यंत्रच सोडवलं आणि बाकावर नेऊन ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो परातीपाशी उभा राहिला, तर पाणी त्याच वेळेला शहारलं. कढईतल्या तेलाचा वास आला, असं त्याला वाटलं. फाटकाशी तर आता कुणीच बसत नव्हतं.

त्याने झवादीला बोलावून घेतलं.

"ट्रकचे हादरे असणार, बाबा," ती हसली.

ट्रक गेला. पाणी ढिम्म. रस्ता मोकळा झाला, आणि पाकळ्या उमलल्या.

झवादीचं हसू मावळलं. बराच वेळ ती घड्याळाकडे आणि पाण्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

"हे थांबून थांबून येतंय," ती हळूच म्हणाली. "एक ओळ होते. मग तेवढाच वेळ पाणी गप्प. पुन्हा तीच ओळ. कुणीतरी पुढचं म्हणावं म्हणून जागा सोडल्यासारखी."

ओगोलाला ती जागा कुणाची ते कळलं.

त्याने कर्ण्याला तोंड लावलं. कर्ण्यामागे आता यंत्र नव्हतं, वायर नव्हती. चाळीस वर्षांत न म्हटलेली ओळ त्याने म्हटली. आवाज फाटला, तरी शेवटपर्यंत म्हटली.

परातीत त्याच्या आवाजाची नक्षी उठली नाही. पाकळ्या विरून गेल्या.

त्याने डोळे पुसले. मन हलकं झालं होतं.

"बाबा," झवादी कुजबुजली. "मागे बघा."

वाऱ्याची झुळूक नव्हती.

ज्या धक्क्यावरून अपोंडी गायची, त्याला बांधलेल्या साऱ्या होड्यांची तोंडं हळूहळू बागेकडे वळत होती.