मेणाच्या महाराजांचं जेवण

वीस वर्षं मी महाराजांच्या मेजावरचे रुमाल धुतले. त्यांना कधी पाहिलं नाही. ओळख काय ती डागांची. तोंड नेहमी उजव्या कोपऱ्याला पुसायचे. शेवटच्या हिवाळ्यात त्या कोपऱ्यावर रक्त दिसायला लागलं, तेव्हा वैद्यांच्या आधी मला कळलं.

ते गेले. दफन होईपर्यंत त्यांच्या मेणाच्या पुतळ्याला दोन्ही वेळा वाढायचं, हा रिवाज. प्रार्थना, हात धुवायला पाणी, दोनदा प्याला, रुमाल. मग ते अन्न गरिबांना. दफन झालं की राजाचं घर मोडतं. नव्या राजाची माणसं नवी. मला राजवाड्याबाहेर कुणी नाही. नवरा गेला, मूल नाही. नावानं हाक मारणारा एकच, वाढपी जोस, तोही भांडायलाच.

तीन दिवस रुमाल कोरे आले. तरी धुतले. चौथ्या दुपारी उजव्या कोपऱ्यावर सशाच्या रश्शाचा डाग.

"जोस, महाराजांच्या ताटातलं खातोस? लाज वाटू दे जरा."

"पेरीनबाई, ससा खायला मला दात कुठायत?" त्यानं तोंड उघडून दाखवलं. खरंच नव्हते. "आणि घडी मी मोडत नाही गं. तशीच ठेवतो, तशीच उचलतो."

दुसऱ्या दिवशी पडद्याआडून पाहिलं. रुमालाला कुणी शिवलं नाही. जोसनं घडी माझ्या हातात दिली. आत कापड ओलं होतं. आणि कोमट.

कुणाला बोलले नाही. बोलून रुमाल दुसरीकडे धुवायला गेले असते तर? रोज दुपारची वाट मात्र बघायला लागले.

अकराव्या दिवशी शेवटचं ताट उठलं.

"उद्या दफन," जोस म्हणाला. "मग आपली सुट्टी. तू कुठे जाशील?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही, मेल्या!"

जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

मेजावरची चादर आणायला मी दालनात गेले. खिडक्यांतून ऊन आलं होतं. मेजापलीकडे बिछाना, बिछान्यावर पुतळा. तिकडे पाहिलं नाही.

"महाराज, उद्यापासून तुमचं कुणी नाही," मी म्हटलं. "माझंही."

बारा हात लांब चादर. एकटीनं घडी घालायची, तर पलीकडचं टोक जमिनीवर लोळतंच. मी माझी दोन टोकं उचलली.

पलीकडची लोळली नाहीत.

कमरेइतकी वर आली. चादर ताणली गेली.

घडी घालताना दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं असतं.

मी जागची हलले नाही.

चादर सैल होत गेली.