भडक रंगांचा खेळ

पोळा होऊन गेला तरी पाऊस हटत नव्हता. जळगावात त्या दिवसांत भर दुपारीही दिवे लावावे लागत. अशाच एका मळकट संध्याकाळी करुणा तायडे निथळती छत्री दाराशी टेकवून कुंदाताईंच्या सायबर कॅफेत शिरली. पाहते तर तिच्या नेहमीच्या खुर्चीवर कोणीतरी बसलेलं!

त्याच्यासमोरच्या पडद्यावर तिचाच लेख होता. पुण्यातल्या एका हौशी मुलाने व्हिडिओ गेमची वेबसाइट काढली होती आणि करुणा तिच्यावर दर आठवड्याला सदर लिहायची. खाली नाव एवढंच – क. तायडे. सकाळी ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, तेवढंच घरी ठाऊक होतं.

“काय माणूस आहे हा तायडे!” पडद्याला जवळजवळ नाक लावून तो कुंदाताईंना सांगत होता. “म्हणतो, रंग एवढे भडक की खेळ आहे की जत्रेतलं दुकान! स्वतः खेळला तरी असेल का?”

“शेवटापर्यंत खेळलाय,” करुणा मागून म्हणाली.

“तुम्हाला काय माहीत?”

“तो तायडे मीच.”

कुंदाताई तोंडाला पदर लावून हसल्या. तो मात्र कानापर्यंत लाल झाला. धनराज अहिरे त्याचं नाव. मूळचा धुळ्याचा, इथे एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला.

“सॉरी...” तो उठत म्हणाला, “पण मत मागे घेणार नाही हं!”

“घेऊही नका.”

मग लेख आला की तो भांडायला हजर. आणि लिहिताना करुणा मध्येच थांबायची – यावर तो काय म्हणेल बरं?

“या वेळी तरी पटलं?”

“अर्धं.”

“कुठलं अर्धं?”

“माझं वाक्य चोरलंय ना तुम्ही... तेवढं.”

ती डोळे वटारायची, तो हसायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

एकदा दोघं बाहेर पडले तेव्हा अंधारून आलं होतं. पाऊस भुरभुरत होता. तिने छत्री त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. सरळ चालत गेला आणि रांगेतल्या सायकलींवर धडकला. सगळ्या सायकली धडाधड आडव्या झाल्या.

करुणा खळखळून हसली. “लक्ष कुठे असतं रे तुझं?”

तो हसला नाही. खरचटलेला हात चोळत उभा राहिला.

“अंधारात मला दिसत नाही, करुणा. डोळ्याचा पडदा सुकत चाललाय. औषध नाही म्हणतात... दिवसासुद्धा नळीतून बघावं तसं, समोरचं तेवढंच दिसतं. तो तुझा भडक खेळ – तेवढाच मला अजून नीट खेळता येतो.”

सायकली उचलायला ती खाली वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

पुढच्या लेखात तिने त्याचं नाव न घेता मत फिरवलं: त्या खेळाचे रंग सुंदर आहेत, आपण घाई केली. धनराज आला तो न बसताच म्हणाला, “मत बदललं, की कीव आली?”

“धनराज, तसं नाही रे...”

तो निघून गेला. मग आलाच नाही. नोकरी सोडून तो धुळ्याला गेल्याचं कुंदाताईंकडून कळलं. पत्ताही त्यांनीच मिळवून दिला. “जा,” एवढंच म्हणाल्या.

वाटेत पारोळ्यापासून एसटीच्या काचेवर पाऊस वाजत होता. धुळ्यात दार उघडलं ते त्याच्या आईने, मंदाबाईंनी.

“जळगावनी तूच शे का? ये माय. बठ्ठा दिन तो आठेच बसेल ऱ्हास.”

दिवसभर तो इथेच बसलेला असतो, असं म्हणत त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि त्या चहाच्या निमित्ताने आत गेल्या.

धनराज खिडकीशी बसला होता. तिने हाक मारताच आवाज ओळखून त्याने मान वळवली.

“कशाला आलीस?”

“भांडायला. तो लेख खोटा होता. रंग मला अजूनही भडकच वाटतात. डोळे दुखतात माझे!”

तो एकदम हसला. हसता हसताच त्याने मान पुन्हा खिडकीकडे वळवली.

“हे कमी होणार नाही, करुणा. वाढतच जाणार. तू –”

“माहीत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून आलेय.” “मला तू हवा आहेस. नको असेन तर तसं सांग. पण माझं भलं कशात आहे ते मला शिकवू नकोस.”

बाहेर पन्हळीचं पाणी धो धो पडत होतं. तो तिच्याकडे वळून म्हणाला, “जरा उजेडात ये.”

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. एका नजरेत तिचा अख्खा चेहरा त्याला मावत नव्हता. तो थोडं थोडं पाहत गेला... कपाळ, एक डोळा, मग दुसरा, नाकाचा शेंडा, थरथरते ओठ. ती पापणीही न हलवता उभी होती. गालावरून ओघळलेलं पाणीसुद्धा तिने पुसलं नाही.

“बघून झालं?” तिने हळूच विचारलं.

“नाही.”

“मग बघ,” ती म्हणाली. “मला जायची घाई नाही.”