भेंडीला सुट्टी नसते

"अहो, तुम्ही पायातले मोजे हातात का घातलेत?"

प्रश्न भाविकानं विचारला, पण पैज तिच्या मैत्रिणींची होती, रुचिता आणि प्रेमाची. तिघी माळशेजला फिरायला निघालेल्या. टोकावड्याला एसटी चहासाठी थांबली, तर धाब्याबाहेर भेंडीच्या क्रेटवर एक उंच, सावळा मुलगा दोन्ही हातांनी चहाचा ग्लास धरून बसलेला. हातांत मोजे. एक निळा, एक पट्ट्यापट्ट्यांचा.

"विचारून दाखव," रुचिता म्हणाली होती. "वडापाव माझ्याकडून."

भातसानगरच्या कॉलनीत वाढलेली भाविका वडापावासाठी कुणालाही काहीही विचारू शकत असे.

मुलानं आपल्या हातांकडे पाहिलं, जणू ते मोजे त्यालाही आत्ताच दिसले.

"भेंडी खुडताना खाज येते," तो शांतपणे म्हणाला. "पायाला येत नाय, हाताला येते. म्हणून हातात."

"पण आत्ता तर तुम्ही चहा पिताय."

"काढायचे राहिले... आणि आता काढले तर तुमी विचारलंत म्हणून काढले, असं दिसेल."

"दिसू दे की."

"नाय काढत."

प्रेमा फिसकन हसली. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि तिघी धावत गाडीत चढल्या. खिडकीतून भाविकानं मागे पाहिलं... पट्ट्यापट्ट्यांचा हात हळूच वर झाला होता. त्या दिवशी माळशेजला काय काय पाहिलं, हे तिला आजही सांगता येत नाही.

जानेवारीत म्हसा गावच्या जत्रेत तो पुन्हा दिसला, घोंगडीवाल्याशी घासाघीस करताना. या वेळी पैज नव्हती, तरी ती जाऊन बोलली. त्याचं नाव स्वरूप. बारावी झालेला, टोकावड्याच्या अलीकडच्या वाडीत घरची शेती. मग फोन झाले, मग रुसवे, मग थोरल्यांची बोलणी, आणि वैशाखात भाविका त्या वाडीत सून म्हणून आली.

प्रेमात सगळं गोड असतं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी श्रावणातला चिखल पाहिलेला नसतो. स्वरूप आणि सासूबाई दिवसभर शेतात, घरात भाविका आणि पेटीच्या तळाशी तिची बीकॉमची पदवी. एका दुपारी तिला इतकं भरून आलं की तिनं आईला फोन लावून सांगितलं, "मला इथं नाय जमत. मला कल्याणला राहायचंय." संध्याकाळी स्वरूपनं भाजून आणलेलं कणीस खाल्लं आणि ती ते विसरूनही गेली. पण आई असलं काही विसरत नाही. आई ते वडिलांना सांगते, आणि वडील कामाला लागतात.

तिचे वडील, धरणावर नोकरी करणारे कमळाकर, डिसेंबरापर्यंत लागलेलेच होते. कल्याणच्या एका गोदामात हिशेबाला माणूस हवा होता. त्यांनी जावयासाठी शब्द टाकला, मावशीच्या इमारतीत खोलीही बघितली. रविवारी उत्तर घ्यायला आई-वडील येणार होते.

आणि त्याच आठवड्यात सासूबाई लेकीकडे किन्हवलीला गेल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच घर फक्त दोघांचं झालं.

महाबळेश्वरला नेण्याचं स्वरूपनं कबूल केलं होतं. पण भेंडी दिवसाआड खुडावी लागते. एक खाडा झाला की ती जून होते आणि व्यापारी तिला हात लावत नाही. भेंडीला सुट्टी नसते, म्हणून मग माणसांनाही नसते.

"मग सुट्टी घरातच घेऊ," स्वरूप म्हणाला. "हे हॉटेल. तू पाहुणी."

"आणि तू?"

"मी मॅनेजर."

दुसऱ्या दिवशी तिला जाग आली ती धुराच्या वासानं. दारातून धुकं आत डोकावत होतं. मॅनेजर चुलीपुढे बसून डोळे पुसत होता. ती घोंगडी गुंडाळून पडवीत आली, तसा त्यानं वाकून कप पुढे केला.

"मॅडम, चहा."

"साखर कमी आहे."

"आचाऱ्याला सांगतो."

"आचारी कोण?"

"मीच. फार कामं हायत मला."

शेजारची जिवलीमावशी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालली होती. ती थबकली. "काय गो भाविका, बरं नाय काय तुला?"

"बरी आहे, मावशी. सुट्टीवर आहे."

"कुठं जाणार सुट्टीला?"

"आलेय की. हीच सुट्टी."

जिवलीनं चुलीकडे पाहिलं, स्वरूपकडे पाहिलं, मोळी सावरली. "आमच्याला पन धाड तुज्या हाटेलात. निदान फुंकणी धराया शिकंल."

काय सांगावं त्या दिवसांचं... खरं तर काहीच घडलं नाही. दिवसाआड सकाळी दोघं मिळून भेंडी खुडायचे, खुडताना भांडायचे. दुपारी अंगणातल्या उन्हात वालाच्या शेंगा सोलायच्या. ती सोलायची आणि तो तिच्या वाटीतले दाणे पळवायचा. त्यानं भाकरी थापली, ती तव्यावर पडताना पार मुंबईच्या नकाशासारखी झाली, आणि तिनं ती कौतुकानं खाल्ली. दिवे लागले की एका घोंगडीत दोघं, तिचे गार पाय त्याच्या पायांवर, आणि रातकिड्यांची किरकिर.

एकच गोष्ट दोघं टाळत होते. शेवटी तिनंच काढली.

"रविवारी आप्पा येणार."

"हं."

"काय सांगायचं त्यांना?"

"तू म्हणशील तसं."

तिला रागच आला. हे काय उत्तर झालं? प्रश्न टोलवणं झालं. त्याला जायचंय की राहायचंय, एवढंही कळू देत नाही हा माणूस... ती कूस वळवून झोपली. पाय मात्र होते तिथेच ठेवले.

शुक्रवारी धुकं इतकं दाट उतरलं की अंगणातली तुळससुद्धा दिसेना. रुसवा निघाला, गप्पा निघाल्या, चहावर चहा झाले. धुकं विरलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

"स्वरूप... आज खुडायचा दिवस होता ना?"

स्वरूप ताडकन उठून बसला. बाजारात भेंडी नेणाऱ्या विठूचा टेंपो केव्हाच निघून गेला होता.

शनिवारी क्रेट भरले, पण त्यांत जे काही होतं त्याला भेंडी म्हणायला धीर लागला असता. विठूनं एक उचलली आणि उन्हात धरली.

"वहिनी, ही भेंडी हाय का काकडी?"

"हॉटेलची भेंडी आहे, भाऊजी. मोठीच असते."

"लगीन झाल्यावर माणूस बिघडतो हे ऐकलेलं," विठू टेंपो सुरू करत म्हणाला, "भेंडी पन बिघडते ते आज बघितलं."

स्वरूपचे कान लाल झाले. जून भेंडी गाईपुढे टाकायला दोघं विहिरीकडे गेले. विहिरीजवळच्या तुकड्यात भाताची धसकटं अजून तशीच उभी होती.

"दरवर्षी डिसेंबरात इथं नांगर फिरतो म्हणाला होतास. यंदा अजून नाय?"

"राहू दे."

"राहू दे काय? पुढच्या भेंडीचं बी कधी टाकायचं?"

तो खाली वाकून पायजम्याला चिकटलेली कुसळं काढू लागला. "टाकत नाय यंदा. लावली, आणि मधेच कल्याणला गेलो, तर खुडणार कोण?"

"म्हणजे तू ठरवलंस?"

"श्रावणात तू फोनवर तुझ्या आईला सांगत होतीस. मी पडवीत होतो." त्याचा आवाज अगदी साधा होता. "तुला इथं जमत नसंल, तर मी काय भेंडीला धरून बसू? शिकेन मी गोदामात बसायला. कॉम्प्युटर शिकेन. मोजे पायात घालीन..."

तिला हसू फुटलं आणि त्याच दमात डोळेही भरले.

"आणि तुला काय हवंय? एकदा तरी बोल."

त्यानं हातातली भेंडी गाईपुढे टाकली. मग तिच्याकडे पाहिलं.

"मला तू हवीस," तो म्हणाला. "आणि... जमलं तर भेंडी पन."

"क्रम बरोबर आहे," ती म्हणाली आणि त्याच्या बाहीला डोळे पुसले. "आप्पांना मी सांगते. तू मधे बोलू नको."

तो दिवसभर शेताच्या बांधावरून फिरत होता, कुणाचा निरोप घ्यावा तसा. तिला ते दिसत होतं, पण तिला आधी नीट विचार करायचा होता. श्रावणात तिला कंटाळा कशाचा आला होता? चिखलाचा? वाडीचा? चिखल तर पायाला लागतो, धुतला की जातो. तिला खायला उठल्या होत्या त्या रिकाम्या दुपारी. आणि या चार दिवसांतल्या संध्याकाळी... अशी एकही संध्याकाळ कल्याणच्या त्या खोलीत मावणार नव्हती.

रविवारी स्कूटर अंगणात आली. कमळाकर मफलर सोडत खाटेवर बसले, आई सरस्वतीनं लाडवांचा डबा काढला. आतून कपबशांचा आवाज आला तशी तिची भुवई वर गेली.

"जावईबापू चहा करतायत? मग तू काय करतेस गं?"

"पिते."

"लाज आहे का काही?"

"आई, साखर बघ, आता बरोबर घालतो तो."

कमळाकरांना साखरेत रस नव्हता. "मग काय ठरलं? ते गोदामवाले थांबायचे नाहीत."

स्वरूप ट्रे घेऊन दारात उभा राहिला.

"ठरलं, आप्पा," भाविका म्हणाली. "नोकरी घ्यायची."

"शाब्बास." कमळाकरांनी मांडीवर थाप मारली. स्वरूपनं ट्रे अगदी जपून खाली ठेवला, आणि कपात काहीतरी पडल्यासारखा तिकडेच बघत राहिला.

"त्यांना हिशेबाला माणूस हवाय ना? मग या घरात बीकॉम कोण आहे?"

सरस्वतीचा लाडू डबा आणि ताटली यांच्या मधेच थांबला.

"अगं, पण मी शब्द टाकलाय तो जावयांसाठी," कमळाकर म्हणाले.

"माझ्यासाठी मी टाकते. मुलाखत घेऊ दे त्यांना."

"आणि ती खोली? रोज का इथनं कल्याणला जाणार तू? घरचं कोण बघणार?" सरस्वतीनं विचारलं.

"सकाळी मुरबाडला जायचं, तिथनं कल्याणची गाडी. कितीतरी जण जातात. भाकरी हा शिकतोय... आत्ता नकाशा होतो, पण होईल गोल."

स्वरूपनं मान वर केली. भाविकानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं, मग वडिलांकडे वळली, आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"आप्पा, तुम्ही नोकरी बरोबर आणलीत, माणूस तेवढा चुकलात. उद्या गोदामात मी जाणार. आणि राहणार इथंच, याच्याजवळ."