तीन चाळीसचा फोटो

"दंड भरून टाक आणि मोकळी हो," नवरा म्हणाला. सासूबाईंनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा काढला आणि बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, जणू ते आत्ताच अपघातातून वाचून आलंय. मला तेच लागलं.

मागच्या महिन्यात मी मोठ्या बहिणीकडून एकटीच गाडी चालवत परतले होते. सोबत नऊ महिन्यांचं बाळ. नोटिशीप्रमाणे, घरापासून चार तासांवरच्या एका वळणावर दुपारी तीन चाळीसला माझी गाडी भरधाव होती. पण तीन चाळीसला मी त्या वळणाच्या अलीकडे झाडाखाली गाडी उभी करून, मागच्या सीटवर बाळाला पाजत होते. पक्कं ठाऊक होतं, कारण बाळाला पाजायच्या सगळ्या वेळा मी वहीत लिहून ठेवते. डॉक्टरांनी पहिले दोन आठवडे लिहा म्हटलं होतं. मी दहा महिने लिहितेय. त्या दिवशीची नोंद स्पष्ट होती : ३.३५ ते ३.५५, डावीकडे.

"म्हणजे ही वही घेऊन तू पोलिसांशी भांडणार?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

"बिचारे घाबरतील गं!"

मीही हसले. पण प्रश्न दंडाचा नव्हताच. पोटच्या पोराला घेऊन मी बेभान गाडी हाकत नाही, एवढं मला सिद्ध करायचं होतं. सासूबाईंना, आणि खरं सांगायचं तर, स्वतःलाही.

सुनावणी त्या वळणापलीकडच्या गावात होती. वाहतूक शाखेच्या खोलीत ओल्या कागदांचा आणि फिनेलचा वास कोंदला होता. एक ट्यूबलाइट सारखी फडफडत होती. बाळ कडेवर, वही पर्समध्ये. समोर एक थोराड कारकून. त्याने वही शांतपणे वाचली, हसला नाही. उलट जरा ओशाळल्यासारखा झाला आणि त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"फोटो बघून घ्या, ताई."

पुढच्या काचेतून स्टिअरिंगवर मीच दिसत होते. तोच निळा कुर्ता, तेच विस्कटलेले केस. मागच्या सीटच्या मधोमध बाळाची खुर्ची. पट्टे सुटलेले.

खुर्ची रिकामी होती.

"बाळ... बाळ कुठाय यात?"

"मी तेच विचारणार होतो." त्याने आवाज खाली आणला. "अजून एक आहे. त्याची नोटीस तुम्हाला पोचली नसेल. त्याच खांबावरचा पलीकडच्या बाजूचा कॅमेरा, बारा मिनिटांनी. गाडी उलट्या दिशेनं... झाडाकडे परत."

दुसऱ्या फोटोतही खुर्ची रिकामीच होती. आणि माझं तोंड उघडं होतं. मी किंचाळत होते.

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतात ती शांत वीस मिनिटं. झाडाची सावली, गरम झालेल्या सीटचा वास, बाळाच्या नव्या दातांचा चावा. मी जर गाडीत किंचाळत होते, तर ही आठवण कुणाची?

"परत गेलात तेव्हा लेकरू रडत होतं का?" कारकुनाने विचारलं.

"नाही... पोट भरलेलं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. पावतीपुस्तक पुढे सरकवलं. "सही करा. आणि... जाताना थांबू नका."

मी सही केली.

बाळाला पाजायची वेळ उलटून गेली होती, पण त्या गावात क्षणभरही थांबायचा धीर झाला नाही. पट्टे तीनदा तपासले. निघाल्यापासून बाळ भुकेनं रडत होतं, घसा सुकेपर्यंत. मी काचा वर केल्या, नजर रस्त्यावर ठेवली. वळणाअलीकडचं ते झाड आलं... आणि रडणं पटकन थांबलं.

झोपलं असेल, म्हटलं.

मग मागून बारीक आवाज येऊ लागला. चोखल्याचा. मध्येच घुटका गिळल्याचा. अंगठा असेल त्याचा... अंगठाच असेल. आरसा मी हाताने वर वळवून टाकला. देवाशप्पथ सांगते, चार तास मी कुठेही थांबले नाही.

दारात नवरा वाटच पाहत होता. मी खाली उतरायच्या आत त्याने मागचं दार उघडून बाळाला उचललं.

"पोट कसं टम्म आहे बघ याचं! कुठे थांबली होतीस?"

"कुठेच नाही."

"मग हे काय?" त्याने बाळाच्या हनुवटीवरून ओघळणारं दूध बोटानं टिपलं, आणि मला दाखवलं. "अजून कोमट आहे."